शेवंतीच्या गळ्यातलं घुंगरू

दर्यापूरच्या खाली, पूर्णेच्या काठी पार्बताबाई माळणीचा भाजीचा मळा होता. नवरा पटकीत गेला, लेकरू तर झालंच नव्हतं. गावात घर असून ती मळ्यातल्या खोपडीतच राहायची. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडायची. खरं सांगायचं तर तेवढंच तिचं आठवड्याचं बोलणं.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, आणि थंडी पडली की शिकारी साहेबांचे तंबू काळ्या रानात पडत. अशाच एका शिकारीत आई गेलेलं हरणाचं पाडस कापूस वेचताना तिला पऱ्हाटीत सापडलं. तिने त्याला शेळीचं दूध पाजलं, शेवंती नाव ठेवलं आणि मेथीचे दोन वाफे तिला चरायला सोडून दिले. "खाय बाई, तुह्याच बापाचं हाय," असं म्हणून स्वतःच हसायची.

शेवंती मोठी झाली, नदीकाठी फिरू लागली, तशी बाईच्या पोटात भीती शिरली. बंदुकीला पाळलेलं काय आणि रानातलं काय! म्हणून पोळ्याच्या दिवशी तिने आपल्या मेलेल्या बैलाचं पितळी घुंगरू शेवंतीच्या गळ्यात बांधलं. घुंगराचं जनावर कोणाच्या तरी घरचं, त्याला हात लावायचा नाही, अशी त्या मुलखाची रीत. साहेबांसाठी रानातून जनावरं उठवणारे हाकारेसुद्धा ती पाळत. पार्बताबाई निर्धास्त झाली.

पुढे एकदा शेजारच्या शेतातला सूर्यभान कुणबी बांधावर आला.

"मावशी, तुही हरणी कळपाकडे जाते अन् कळप पळून जाते. घुंगराच्या आवाजाचं भेव लागते त्याईले. काहून बांधलं?"

"मरू नये म्हनून बांधलं. अजून काहून?"

"अशी एकटी जगून काय करून राहिली थे?"

पार्बताबाईने त्याला चार शिव्या हासडून वाटेला लावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच नदीकडे गेली. पंचवीस-तीस हरणं चरत होती. शेवंती जवळ गेली, तशा सगळ्या माना वर झाल्या आणि कळप धूळ उडवत पसार झाला. शेवंती थांबली. पुन्हा गेली. पुन्हा तेच. एकटं राहणं म्हणजे काय, हे पार्बताबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. मायेपोटी आपण आपल्यासारखीच आणखी एक करून ठेवली, हे तिला कळलं आणि ती तिथेच बसून रडली.

तरी चार दिवस तिचा हात होईना. घुंगरू काढलं की पोर कळपाची, आणि बंदुकीचीही. पाचव्या दिवशी तिने विळ्याने दोरी कापली.

"जाय," ती म्हणाली.

शेवंतीने थोडी मेथी खाल्ली आणि गेली. त्या दिवशी ती परतली नाही, नंतरही नाही. नदीकाठचा कळप आता पळत नव्हता, पण त्यातली आपली कोणती ते बाईला दुरून ओळखू येईना.

थंडीत तंबू पुन्हा पडले. एका सकाळी बार ऐकून पार्बताबाई वाटेवर धावली. दोन हाकारे एक हरणी काठीला टांगून नेत होते. तिने त्यांना थांबवलं. हरणीच्या मानेवरून हात फिरवला, कान पाहिले, डोळे पाहिले.

"तुही व्हय काय, माय?" हाकाऱ्याने विचारलं.

तिला सांगता येईना. ते निघून गेले. ती खोपडीत येऊन चुलीपुढे बसली. नवऱ्यासाठी ती रडली होती, बैलासाठी रडली होती. या खेपेला रडावं की नाही, हेच तिला समजेना.