शांत खोलीत मोरे सर

मोरे सरांनी आतून दार वाजवायला सुरुवात केली तेव्हा मी घड्याळात पाहिलं. चार मिनिटं झाली होती. दहा मिनिटं आरामात बसून दाखवतो, असं सांगून ते आत गेले होते.

मी विशेष शिक्षिका आहे. राहते डहाणूला आणि आजूबाजूच्या शाळांत फिरते. ज्या मुलांना ऐकायला, बोलायला किंवा शिकायला अडचण आहे, त्यांनी साध्या शाळेतच इतरांबरोबर शिकावं, म्हणून तिथल्या शिक्षकांना मदत करायची हे माझं काम. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आहे की पाड्यावर मला नुसतं 'फिरत्या मॅडम' म्हणतात.

ही शाळा तलासरी तालुक्यातली. नाव लिहीत नाही, कारण मोरे सर अजून तिथेच मुख्याध्यापक आहेत आणि माणूस चांगला आहे. शाळा दोन शिक्षकी. त्यातले दुसरे शिक्षक कायम कुठल्या तरी ट्रेनिंगला. त्यामुळे सगळे वर्ग सरांच्याच गळ्यात.

तिसरीत वनिता नावाची मुलगी होती. तिला ऑटिझम आहे. ती मोजकं बोलते, आणि मोठे आवाज तिला सहन होत नाहीत. दिवसातून एकदोनदा ती अचानक उठून बाहेर धावत सुटायची. शाळेसमोर रस्ता, रस्त्यावर रेतीचे डंपर. सरांची भीती खोटी नव्हती. उपाय मात्र भलताच होता. ते तिला ओढणीनं बाकाला बांधून ठेवायचे. मी ते बंद करायला लावलं.

पुढच्या भेटीत ओढणी गेली होती. तिच्या जागी खोली आली होती. सामानाच्या खोलीवर रंगीत अक्षरांत पाटी होती, 'शांत खोली'. बाजूला चार फुलपाखरं. दाराला बाहेरून कडी, आणि आत वनिता. मी दार उघडायला लावलं. ती घामानं भिजलेली होती, तळहात लाल झाले होते. ती सरळ नळावर गेली आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिली.

"कोंडत नाही मॅडम, शांत करतो," सर म्हणाले.

"मग कडी बाहेरून का, सर?"

"आतून लावली तर ती उघडेल ना."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. मी नियम दाखवले, अहवालात लिहीन म्हणाले. त्याच्या पुढच्या भेटीत पाटी बदलून 'विश्रांती कक्ष' झाली होती आणि आत चटई टाकली होती. आमचा पुन्हा वाद झाला. शेवटी सर चिडून म्हणाले की आत काही त्रास होत नाही, मी स्वतः बसून दाखवतो. खुर्ची आणि मोबाईल घेऊन ते आत गेले. शाळेत मुलांचं जेवण बनवणाऱ्या जानकीमावशींना त्यांनीच कडी लावायला सांगितली. मावशींनी ती लावली आणि डाळीत टाकायला मिरच्या आणायला वाडीत निघून गेल्या.

माझ्याकडे वनितासाठी आणलेला तक्ता होता. त्यात तीन रकाने असतात: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय घडलं. मूल कशामुळे बिथरतं ते यातून कळतं. हाताशी वेळ होता, म्हणून मी सरांचाच भरायला घेतला. पहिलं मिनिट, गुणगुणणं. दुसरं मिनिट, मोबाईलला रेंज नसल्याची तक्रार. तिसऱ्या मिनिटाला पाल आपल्याकडे बघत असल्याची तक्रार. चौथ्याला दार वाजवणं. मग आत काहीतरी धाडकन पडलं.

"मॅडम, उघडा. पुरे झालं."

मी लगेच उठले आणि कडी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. दार बिजागरीतून खाली उतरलं होतं, त्यात कडी अडकून बसलेली. ती कशी काढायची हे फक्त मावशींना माहीत. सगळी शाळा व्हरांड्यात जमली. सर आतून ओरडत होते, दारावर लाथा मारत होते. चौथीतली एक मुलगी दाराला तोंड लावून अदबीनं म्हणाली, "सर, मनातल्या मनात शंभरपर्यंत अंक म्हणा. तुम्ही वनिताला सांगता तसे."

आतून आणखी एक लाथ बसली.

तेवढ्यात कानांवर हात ठेवून वनिताच आली. तिनं मला बाजूला सारलं. दाराच्या खालच्या फळीला गुडघा लावला, दार जरा वर उचललं आणि कडी सरकवली. आत बसून बसून, फटीतून मावशींचा हात बघून ती ते शिकली होती. तेवढ्या वेळात आम्ही तिला काय शिकवलं असतं, हा विचार मला तेव्हा आला आणि अजून येतो.

सर बाहेर आले. डोक्याला कोळ्याची जाळी, शर्ट ओला. वनितानं त्यांचं बोट धरलं आणि त्यांना नळावर नेलं. ते निमूट पाणी प्यायले.

मग पायरीवर बसून त्यांनी तक्ता मागितला. वनिताबद्दल त्यांनी पूर्वी लिहून दिलं होतं, 'विनाकारण दार वाजवते, वस्तू फेकते.' माझ्या तक्त्यात पहिल्या रकान्यात 'दार बंद' आणि दुसऱ्यात 'दार वाजवलं, वस्तू फेकली' असं होतं. त्यांनी दोनदा वाचलं.

"मी काही फेकलं नाही मॅडम. पृथ्वीचा गोल आपोआप पडला."

मी तशी दुरुस्ती केली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मी आत किती वेळ होतो?"

"अकरा मिनिटं."

वनिताला ते मधल्या सुट्टीपर्यंत ठेवत असत.

त्यानंतर दोन आठवडे सरांनी स्वतः वनिताचा तक्ता भरला. पहिल्या रकान्यात दर वेळी एकच गोष्ट आली: घंटा. शाळेची घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा तुकडा, तो टांगलेला नेमका तिच्या खिडकीबाहेर. पाचवीतली मुलगी हातोडी उचलताना दिसली की वनिता जीव घेऊन पळायची. आम्ही घंटा दुसऱ्या टोकाला नेली. रस्त्याकडच्या कुंपणाला फाटक बसवलं. वनिताला एक चित्राचं कार्ड दिलं. ते दाखवलं की मावशींबरोबर अंगणात एक फेरी मारून परत यायचं.

पहिल्या आठवड्यात तिनं ते इतक्यांदा दाखवलं की मावशींचे पाय दुखायला लागले. दुसऱ्या आठवड्यात बाकीच्यांनी आपापली कार्डं बनवली. एकीनं तर खाली सरांची सही ठोकली होती, आणि ती सरांच्या सहीपेक्षा बरी होती. महिन्याभरात हे सगळं निवळलं. वनिता अजूनही कधीतरी धावते, पण बहुतेक वेळा स्वयंपाकघराकडे.

राहिली कडी. ती काढा म्हटल्यावर सर म्हणाले की ती शाळेची मालमत्ता, परवानगी लागेल. त्यांनी पत्र पाठवलं. वरून विचारणा आली की सदर कडी कोणत्या योजनेतून बसवली होती. त्याचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका दुपारी जानकीमावशींनी सुरीच्या टोकानं चार स्क्रू काढले आणि कडी चुलीमागे टाकून दिली.

कागदावर ती अजून दारावरच आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकले, की कागदाचं नंतर बघता येतं. आधी स्क्रू काढावेत.