वहिनीनं भरलेल्या मोकळ्या जागा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करत होते. पाऊस मोजणाऱ्या बारा केंद्रांसाठी बारा प्रोग्राम लिहायचे होते; तेव्हा प्रोग्रामची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून, म्हणजे पंच करून, मशीनला देत. प्रत्येक केंद्राच्या नोंदींची मांडणी वेगळी, बाकी सगळं सारखंच. एक चूक सापडली की ती बारा ठिकाणी दुरुस्त करावी लागे.

मी साहेबांना म्हटलं, "मी एकच साचा लिहिते. त्यातल्या मोकळ्या जागा भरून बाराही प्रोग्रामची कार्डं मशीनच पंच करील."

"मशीन एकदाच मिळेल," साहेब म्हणाले. "चुकलं तर बारा हातानं लिहायचे."

मी रजा टाकून काष्टीला घरी गेले आणि चौकटींच्या कागदावर साचा उतरवला; प्रत्येक केंद्राचं नाव आणि मांडणी यांची यादीही केली. तपासायला मशीन नव्हतं, म्हणून सातवी शिकलेल्या वहिनीला शेजारी बसवलं.

"वहिनी, अर्थ लावायचा नाही. यादीतलं अक्षरन् अक्षर मोकळ्या जागेत भरायचं."

दोन दिवस तिनं न कंटाळता भरलं. नवव्या केंद्रापाशी ती थांबली.

"वन्सं, ह्ये नाव लई लांब हाय. वळीत मावत न्हाई."

मी चौकटी मोजल्या. बहात्तराव्या चौकटीपुढचं मशीन वाचतच नसे. मी साच्यातलीच ती ओळ मोडून दोन कार्डांवर नेली आणि आम्ही दोघींनी बाराही प्रोग्राम पहिल्यापासून पुन्हा भरले.

पुण्यात मशीननं बारा गठ्ठे पंच केले. बाराही चालले.

"तपासलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या वहिनीनं."

त्यांनी तिनं भरलेले कागद मागून घेतले आणि एकेक पान सावकाश वाचलं.