सात वर्षांची गादी

पॉपलरच्या झाडांच्या लागवडीत राबणाऱ्या मावशीला सगळे ‘पाचोळाबाई’ म्हणत, कारण गळलेलं एक पानही ती कुणाला जाळू द्यायची नाही. रोपं लावली तेव्हा तिथल्या जमिनीवर मारलेली पहार ठणकन उडायची. पानं मात्र दरवर्षी तिथंच कुजत राहिली.

सात वर्षांनी मावशीने तपासायला नेलेली काळी, भुसभुशीत माती पाहून, तिथली आधीची टणक माती तपासलेले प्रयोगशाळेतले साहेब तडकले, “बाई, ही माती त्या जागेची नाहीच! माझ्या डोळ्यांत धूळ फेकता?”

मावशीचं डोकंच फिरलं. तिने साहेबांना थेट झाडांखाली नेलं आणि हातात पहार दिली. साहेबांनी सगळा जोर लावून हाणली. पहार हातभर आत गेली आणि तोल जाऊन साहेब पाचोळ्यात बसले.

“लागणार नाही, साहेब,” मावशी म्हणाली. “सात वर्षं गादी भरतेय मी.”