पुलावर उतरवलेली झालर

माहेरी पेणला माझा जनावरांशी संबंध गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरापुरता. लग्न होऊन रोह्याला आले, तर सासऱ्यांच्या दारात वरातीची घोडी! पहिल्याच वर्षी चारा टाकताना ती माझ्या दंडाला कडकडून चावली. तेव्हापासून मी लांबूनच बादली सरकवायचे आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालायचे.

त्या दिवशी नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, आणि सासऱ्यांचा खांदा निखळलेला, हात गळ्यात. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या नवरदेवाला घोडी तर वेळेवर हवी. "मी हाय संगती, तू फक्त दोरी धर," सासरे म्हणाले. एरवी साज पूल ओलांडल्यावरच चढतो. पण एका हाताने रस्त्यात ते जमणार नाही, म्हणून त्यांनी शेजाऱ्याला हाताशी घेऊन घरीच घोडी सजवली, कपाळावरच्या मण्यांच्या झालरीसकट.

पुलाच्या मध्यावर मागून ट्रकने हॉर्न दिला. घोडी थबकली आणि मागे, कठड्याकडे सरकू लागली. खाली कुंडलिका नदी. मी दोरी ओढली तशी तिने मान वर झटकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, ते माझ्या हातात होतं.

"ओढू नको गो!" सासरे मागून ओरडले. "झालर डोळ्यांवर आलीय. तिला दिसत नाय. काढ ती!"

म्हणजे हात थेट तिच्या तोंडापाशी. ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा मला असा संताप आला की तळवा उगारून मी त्याला गप्प केलं. मग दोरी सैल सोडली, तिच्या खांद्याला टेकून उभी राहिले. तिची कातडी थरथरत होती. "मलाही भीती वाटतेय गं," मी चक्क तिला सांगितलं. तिचा गरम श्वास मनगटावर येत होता. कानामागची गाठ काही केल्या सुटेना. पुन्हा नखं घातली, तेव्हा सुटली.

झालर खाली आली आणि तिचा डोळा अगदी समोर आला. इतकी वर्षं त्यात मला खुनशीपणाच दिसायचा. जवळून पाहिलं तर नुसती भीती होती. मी एक पाऊल टाकलं. तिनेही टाकलं.

पुलापलीकडे सासऱ्यांनी धडधाकट हात पुढे केला. "दे आता इकडं. हात कापतायत तुझे."

"कापू देत," मी म्हणाले, आणि दोरी दिली नाही.