कडक उपास

माझी मुलगी जेवायला बसली की पोळीचे बारीक तुकडे करते आणि ताटाच्या कडेला सरकवत राहते. हात सारखा चालू असतो, पोटात मात्र काही जात नाही. परवा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

"छे हो, माझ्या माहेरी सगळे खाऊनपिऊन सुखी."

"आजार जसाच्या तसा येत नाही, पण त्याचा कल रक्तातून येऊ शकतो, म्हणून विचारलं," ते म्हणाले.

आज दुपारी तिची बोटं बघताना एकदम ताई आठवली. माझी थोरली बहीण, हिच्या जन्माआधीच गेलेली. तीही साबुदाण्याचा एकेक दाणा असाच कडेला सरकवायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. एका व्रताचं उद्यापन झालं की आम्हाला आग्रहाने पुरणपोळ्या वाढायची आणि लगेच दुसरं व्रत धरायची. तिची हाडं दिसू लागली तेव्हा शेजारणी आपल्या मुलींना म्हणायच्या, "बघा, याला म्हणतात निष्ठा!"

माझी मुलगी देवाला हातही जोडत नाही. ती मोबाइलवर कॅलरी मोजते. नाक कुणाचं, रंग कुणाचा, हे आम्ही बारशालाच ठरवून टाकतो. भूक कुणावर गेली, हे कुणी बघत नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला. "तुम्ही विचारलं होतं ना, तसा त्रास माझ्या बहिणीला होता बहुतेक."

"तेव्हा काही उपचार केले होते?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही तिच्या पाया पडायचो."