उजव्या हातातली अंगठी

सुमन गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सव्वासातला गेवराईतल्या राहत्या घरी वारली. वय एकोणपन्नास. आजार दीड वर्षाचा, स्तनाचा कर्करोग. त्या वेळी घरात तिचे पती वसंत सर आणि मी, असे दोघंच होतो. साडेनऊला तिचा मुलगा अविनाश चकलांब्याहून आला. सोबत त्याची चुलती कौसाबाई होती आणि भाड्याची गाडी. त्याला आईला चकलांब्याला न्यायचं होतं. त्याच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याला, ज्या शेतात अग्नी दिला त्याच शेतात, वडिलांची विधवा म्हणून. वसंत सर बाहेर पायरीवर बसून होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. आत अंघोळीचं पाणी तापलं होतं, आणि हिरवी साडी नेसवायची की पांढरी, हे ठरत नव्हतं. कौसाबाईंनी सुमनचा उजवा हात उचलून जमलेल्या बायकांना दाखवला. "ही बघा अंगठी. जित्तेपणी तिनं सोताच उजव्या हातात घातली. अजून कोन्ता पुरावा पायजे?"

अंगठी कोणत्या हातात कधी होती, ते क्रमानं सांगायला हवं.

सुमनची आणि माझी ओळख डी.एड.च्या वसतिगृहातली. शेवटच्या वर्षी तिचा साखरपुडा झाला आणि ती डाव्या हातात अंगठी घालून आली. आमच्या खोलीत तेव्हा ती एकटीच अंगठीवाली. परीक्षेला बसताना ती अंगठी आतल्या बाजूला फिरवून ठेवायची, "नवरा पेपरात डोकावायला नको" म्हणायची. दिगंबर चकलांब्याचा, घरची शेती, स्वभावानं शांत. सुमनला त्याच गावच्या शाळेत नोकरी मिळाली. लग्नानंतर बारा वर्षांनी दिगंबर मोटारसायकलच्या अपघातात गेला. अविनाश तेव्हा दहा वर्षांचा होता.

दहाव्याच्या दिवशी मी तिथं होते. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, जोडवी काढली. सुमननं काहीच अडवलं नाही. मग तिच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे याच कौसाबाई, अंगठीला हात घालायला आल्या, तेव्हा तिनं मूठ मिटली. "जाऊबाई, अंगठी तुमच्या रीतीत कुठं हाय? आपल्या सासूबाईला तर अंगठी कसली ते म्हाईतच न्हवतं." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ते खरंच होतं. अंगठी गावात नवी आलेली, ती काढायची की ठेवायची याचा नियम कुणी केलेलाच नव्हता. शेवटी एका म्हातारीनं निवाडा दिला, "ठिवू द्या तिला. पर डाव्या हातात नको." सुमननं तिथंच, सगळ्यांसमोर, अंगठी काढून उजव्या हातात घातली. पुढच्या काही वर्षांत गावातल्या आणखी दोघींनी तसंच केलं. चकलांब्यात उजव्या हातातल्या अंगठीचा अर्थ ठरला तो असा. शाळेत फळ्यावर लिहिताना अंगठीच्या कडेत खडू बसायचा, तो ती घरी येऊन टाचणीनं काढायची.

अंगठी अकरा वर्षं उजव्या हातात होती. मग एका प्रशिक्षणात तिला वसंत सर भेटले. सिरसाळ्याचे, मुख्याध्यापक, विधुर, मूलबाळ नाही. बीडला नोंदणी कार्यालयात लग्न झालं, साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सरांनी अंगठी आणलेली नव्हती. तिथल्या कारकुनानं हार घाला, अंगठी घाला, फोटो काढा, असं सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "नवी आणली असती. पण ही काढा म्हणायची माझी हिंमत न्हाई. हीच इकडल्या हातात घाला." सुमननं अंगठी डाव्या हातात घातली आणि म्हणाली, "सर, तुमी लई स्वस्तात सुटलात." कारकूनही हसला.

अविनाश लग्नाला आला नाही. तो एकवीस वर्षांचा होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. सुमननं फोन स्पीकरवर घेतला होता, त्यामुळं तो मीही ऐकला.

"हात बदलला म्हणं?"

"हो बाळा."

"मग मला बी बदललेला समज."

त्यानंतर चार वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. ती सरांसोबत गेवराईत राहायला गेली, आणि दर दिवाळीला तिथून त्याच्या नावानं डबा करून चकलांब्याला पाठवायची. डबा कौसाबाईंकडून परत यायचा, धुऊन, रिकामा. आतलं कुणी खाल्लं ते कळायचं नाही.

शस्त्रक्रिया डाव्या बाजूला झाली. काखेतल्या गाठीही काढल्या. काही महिन्यांनी तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला. डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून दिलं: डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, बांगडी-अंगठी नको. अंगठी साबण लावून काढावी लागली, अर्धा तास गेला. सर म्हणाले, "डबीत ठेवू." सुमन म्हणाली, "आन् लोकांना दोनी हात मोकळे दिसले की म्हणतील, सरांना सोडलं." तिनं ती उजव्या हातात घातली. त्या वेळी चकलांब्याचा नियम आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आला नाही.

आजाराची बातमी कळल्यावर अविनाश आला. उंबऱ्यातच थांबला, आईच्या हातातल्या अंगठीकडं बघितलं. मग चपला काढून आत येऊन बसला. पुढच्या रविवारीही आला. तिसऱ्या रविवारी जाताना तिच्या उजव्या हातावर हात ठेवून म्हणाला, "बरं केलंस आई. नानाला बरं वाटल." नाना म्हणजे दिगंबर. सुमननं आपल्या हाताकडं पाहिलं.

तो गेल्यावर मी म्हणाले, "त्याला खरं सांग."

"कावून?"

"त्याचा गैरसमज झालाय."

"गैरसमजानं का हुईना, यायलाय ना? खरं म्हाईत होतं तवा चार वर्षं कुठं आलता?" मग थोड्या वेळानं, "तू बोलायचं न्हाईस. सरांना मी सांगते."

तिनं सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. त्यानंतर दर रविवारी अविनाशच्या यायच्या वेळेला ते पिशवी घेऊन बाजारात जायचे आणि तो गेल्यावर परतायचे. सुमन म्हणायची, "सर, आता ही गवार शेजारच्यांना तरी वाटा." असे पाच महिने गेले. शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारलं, "आणि तू नसशील तेव्हा?" ती म्हणाली, "तवा तू हायस की."

त्या सोमवारी पावणेदहाला मी कपाटातली दवाखान्याची फाईल काढून अविनाशच्या हातात दिली आणि ते पान उघडून दाखवलं. त्यानं ते वाचलं. मग चादर बाजूला करून आईचा डावा हात पाहिला. तो हात तिनं पाच महिने पदराखाली ठेवला होता.

"मावशी, मला कावून सांगितलं न्हाई?"

"तिनं सांगू दिलं नाही. तू यायचा बंद होशील म्हणून."

कौसाबाई म्हणाल्या, "दवाखान्यावाले कागदावर काय बी लिव्हतेत."

"काकी, गप बसा जरा."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. अविनाश उठला नाही. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा तो बाहेर गेला, सरांच्या शेजारून पायरी उतरला, गाडीवाल्याशी बोलला. गाडी रिकामी परत गेली. तो आत आला, आईच्या उजव्या हातातली अंगठी काढली आणि डाव्या हातात घालायला लागला. सूज उतरलेली नव्हती. अंगठी पहिल्या पेरापर्यंत गेली, पुढं सरकेना. त्यानं जोर लावला.

"दाबू नकोस रं," कौसाबाई म्हणाल्या, "दुखल तिला."

त्यानं अंगठी तिथंच राहू दिली. कौसाबाईंनी हिरवी साडी नेसवली. कुंकू लावायला सरांना आत बोलावलं, ते मी बोलावलं. अविनाश त्या वेळी भिंतीकडं तोंड करून उभा होता. दुपारी गेवराईतच अंत्यविधी झाला, अग्नी अविनाशनं दिला. सर आणि तो त्या दिवशी एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

चार दिवसांनी, शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला अविनाशचा फोन आला. तो नगरपरिषदेत होता, मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरत होता.

"मावशी, पतीच्या नावाचा रकाना हाय. सरांचं पूर्ण नाव लागतंय. त्यांच्या वडलांचं नाव काय?"

मी सांगितलं, सखाराम.

त्यानं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, लिहिलं आणि फोन ठेवला.