कान द्रुत, पाय विलंबित

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी जुनी गाडी घेतली, तेव्हा तिच्याबरोबर एक बाई आली. बाई प्लेअरमध्ये होती. विकणाऱ्यानं चाव्या हातात ठेवताना सांगितलं की इंजीन ठणठणीत आहे, टायर बरे आहेत, फक्त प्लेअरमध्ये एक सीडी अडकलीय, ती काही केल्या निघत नाही. प्लेअर बंदही होत नाही. आवाज कमी करायचं बटण त्याच्या नातवानं गिळलं होतं.

किल्ली फिरवली की आधी तंबोरा सुरू होई. मास्तरांनी पन्नाशीपर्यंत तंबोरा ऐकलेला नव्हता. ते तडक मेकॅनिककडे गेले आणि बेअरिंग गुणगुणतंय म्हणाले. मेकॅनिकनं बॉनेट उघडून बराच वेळ कान लावला, पंख्याचा पट्टा बदलला, आणि तेवढ्यात आतून बाईंनी ‘आ’ लावला. मेकॅनिक दोन पावलं मागे सरला. हे आपल्या हातातलं काम नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

पहिले काही आठवडे मास्तर कानात कापूस घालून शिकवत होते. मग एकदा रेल्वेचं फाटक पडलं आणि मालगाडी संपता संपेना. कापूस घरी राहिला होता. नाइलाजानं ऐकताना मास्तरांच्या लक्षात आलं की बाई एकच ओळ घेऊन कुठे कुठे भटकून येते, आता हरवली असं वाटतं, आणि ऐन वेळी नेमकी त्याच जागी परत येते. तिथे तबलजी दार उघडून उभाच असतो. तिसऱ्यांदा बाई घरी परतली तेव्हा मास्तरांची मान आपोआप हलली. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मास्तर शिकाऊ पोराला म्हणाले, “थांब, तिला येऊ दे.”

त्या जागेला सम म्हणतात हे त्यांना औषधांच्या दुकानदारानं सांगितलं. या सावकाश चालीला विलंबित म्हणतात हेही त्यानंच सांगितलं. पुढे तो द्रुत की काय ते सांगणार होता, पण मास्तरांना एवढं ज्ञान पुरेसं झालं होतं. ते वाटायला निघाले.

घेणारं कोणी भेटेना. बायकोला त्यांनी गाडीत बसवून ऐकवलं. ती बसल्या जागी घोरायला लागली, आणि जागी झाल्यावर रोज लावत जा म्हणाली. शिकायला येणारी पोरं सिनेमाची गाणी मागत. शेजारच्या वकिलांनी ऐकून घेतलं आणि बाईंना नक्की काय त्रास होतोय, असं विचारलं. मास्तरांना तर आनंद एकट्यानं खाण्याची सवय नव्हती. कलिंगड गोड निघालं तरी ते चार घरी फोडी पाठवणारे. आपल्याला एवढं घबाड सापडावं आणि कुणी त्यात हात घालू नये, हे त्यांना जिव्हारी लागलं.

अशात त्यांची आत्या गाडी शिकायला आली. आत्या त्रेसष्ट वर्षांची. नदीपलीकडे तिची धाकटी बहीण गुडघे धरून बसली होती आणि आत्याला तिच्याकडे वाटेल तेव्हा जायचं होतं. घरात गाडी होती, मुलगाही होता, पण त्याला विचारलं की तो “बघू, आई” म्हणे. त्या बघूला दोन वर्षं झाली होती. आत्यानं लायसन काढायचं ठरवलं तेव्हा मुलगा हसला. त्यामुळे आता तर काढणं भागच होतं.

आत्या स्टिअरिंग असं पकडे, जणू ते कुणी पळवून नेणार आहे. शिवाय समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाशी ती बोले. रिक्षावाल्याला त्याच्या आईची आठवण करून देई, ट्रकला “ये बाबा, तूच ये” म्हणे, आणि या गडबडीत क्लच सुटून गाडी बंद पडे. परत किल्ली, परत तंबोरा, परत पहिल्यापासून बाई. शेवटी मास्तर म्हणाले, “आत्या, तू बोलू नकोस. ती बाई काय म्हणतेय ते ऐक. ती परत आली की क्लच सोड. ती सावकाश तर तू सावकाश. तिचं बोट धरून चाल.”

आत्यानं तोंड मिटलं. बाई भटकून आली, तबलजीनं दार उघडलं, आत्यानं क्लच सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पुढच्या कोपऱ्यावर आत्या म्हणाली, “बाळ्या, ही चुकत कशी नाही रे?” मास्तरांचे डोळे भरून आले. हात घालणारं कुणीतरी भेटलं होतं.

महिनाभर दोघं सकाळी गावभर समेवर गिअर बदलत फिरले. आत्या वळणसुद्धा समेवर घेई. मध्येच कुठे ना कुठे गाडी बंद पडेच, आणि बाई परत पहिल्यापासून. मागच्या गाड्यांना याचं मर्म कळत नसे, पण आत्या आता त्यांच्याशी बोलत नव्हती.

परीक्षेच्या मैदानावर परीक्षक साहेब आत्याच्या शेजारी बसले. माणूस असा कोरडा, की त्यांच्या बोलण्यानं ऐकणाऱ्याचे ओठ फुटावेत. त्यांनी ते गाणं बंद करायला सांगितलं. मागच्या सीटवरून मास्तरांनी अडचण सांगितली. साहेब म्हणाले, वाजू दे, माझं लक्ष नसतं.

आत्यानं दृष्ट लागावी अशी गाडी चालवली. आठ काढला, चढावर थांबली, उलटी आली. गाडी एकदाही बंद पडली नाही. आणि घोळ इथेच झाला. गाडी बंद पडली नाही म्हणून बाई पहिल्यांदाच सुरुवातीला परत गेली नाही. ती पुढे गेली. साहेब मैदानाची आणखी एक फेरी मारा म्हणाले, आणि त्याच क्षणी कुणीतरी चिमटा काढल्यासारखा तबलजी उठला. बाई धावत सुटली. द्रुत म्हणतात ते हेच होतं, आणि ते या गाडीत आहे याची ना मास्तरांना कल्पना, ना आत्याला.

आत्यानं बाईचं बोट धरलेलं होतं. तिनं ॲक्सिलरेटर दाबला.

मास्तरांनी सावध करायला हवं होतं. पण बाई अशा काही ताना फेकत होत्या की मास्तर आपण कुठे बसलोय तेच विसरले आणि मोठ्यानं “वा!” म्हणाले. आत्यानं आणखी दाबलं. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. रांगेतले उमेदवार भिंतीला चिकटले. तिसऱ्या फेरीत साहेबांना आवाज सापडला आणि ते “थांबा” म्हणाले. आत्या थांबलीही, पण जरा पुढे जाऊन, समेवर.

साहेबांनी नापासाचं कारण लिहिलं: चालक गायिकेच्या सांगण्यावरून वागतो.

“तू ‘वा’ का म्हणालास?” आत्यानं घरी जाताना विचारलं.

“बाईंना म्हणालो.”

“मला वाटलं मला.”

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. मुलगा होता. तो हसला, आणि परत “बघू” म्हणाला. आत्यानं फोन पिशवीत कोंबला. आता ती गाण्याला कायमची हात जोडणार, अशी मास्तरांना भीती वाटली. पण आत्या म्हणाली, “पुढे असं असतं हे आधी का नाही सांगितलंस? आता हे ऐकायचं, पण पाय जागचा हलवायचा नाही. तसं शिकव.”

मास्तरांनी नवा धडा काढला: कान द्रुत, पाय विलंबित. हे फार अवघड निघालं. मान हलली की खांदा हले, खांदा हलला की गुडघा, आणि गाडी हरणासारखी उडी मारी. आत्यानं स्वयंपाकघरात सराव केला. बाईंच्या ताना आठवत ती पोळी लाटी, अगदी संथ. सुनेनं सासऱ्यांना बाजूला घेऊन, आईंना बरं आहे ना, असं विचारलं.

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब. आठ, चढ, उलटी गाडी, सगळं सुरळीत. मग द्रुत सुरू झालं. मास्तरांनी स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला होता. आत्याच्या पापण्या तेवढ्या ताल धरत होत्या. बाकी आत्या म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. आणि तरी गाडीनं गचका खाल्ला. थोडं पुढे जाऊन पुन्हा गचका. दर समेला गचका. मास्तरांचा धीर सुटला. आत्यानं आपले दोन्ही पाय निरखून पाहिले. ते निर्दोष होते.

शिकाऊ गाडीत शेजारच्याही पायाखाली एक ब्रेक असतो. आत्यानं नजर हळूच डावीकडे नेली. साहेबांचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता, पण त्यांचा बूट दर समेला ब्रेकवर पडत होता.

“साहेब,” आत्या हलक्या आवाजात म्हणाली, “पाय विलंबित.”

साहेबांनी खाली पाहिलं. सावकाश पाय उचलून मांडीखाली घेतला, आणि उरलेली फेरी त्यांनी एका पायाची मांडी घालून केली.

गाडी जागेवर लागली. साहेबांनी सही करायला पेन काढलं, पण आत्यानं इंजीन बंद केलं नव्हतं. बाई शेवटाला आली होती. पुढच्या उमेदवारानं काचेवर टकटक केलं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता पंजा दाखवला. मागून मास्तरांनी रुमाल काढला आणि तिघं पुढच्या भिंतीकडे बघत, शेवटची सम येईपर्यंत बसून राहिले.

मग साहेबांनी सही केली. आत्यानं मास्तरांना तिथेच उतरवलं, घरी चालत जा म्हणाली, आणि मुलाला फोन न करता नदीच्या दिशेनं वळली. तिला बहिणीला गाडीत बसवून ऐकवायचं होतं.